माणूस एका रात्रीत बदलतो का?

प्रश्न : ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांचा व्यापारी होता, समुद्रात वादळात सापडल्यावर त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने तो धंदा सोडला, असे ऐकले. माणूस असा एका रात्रीत बदलतो का? ख्रिस्ती धर्म काय सांगतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही ऐकलेली गोष्ट अर्धीच खरी आहे. वादळ झाले, न्यूटनने देवाचा धावाही केला; पण धंदा सुटला नाही. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान तो त्यानंतर झाला!

मार्च १७४८. ‘ग्रेहाउंड’ जहाज अटलांटिकमध्ये फुटायच्या बेतात आले होते. बावीस-तेवीस वर्षांचा न्यूटन तासन् तास पंपाने पाणी उपसत राहिला. जीव वाचला. तो दिवस त्याने जन्मभर पाळला. फरक पडला, पण आधी जिथे सोपे होते तिथे : तोंडातल्या शिव्या गेल्या, प्रार्थना आली. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांसाठी उपासना घेई आणि त्याच जहाजाच्या पोटात माणसे साखळदंडांत असत. डिसेंबर १७५२ मध्ये बंडाचा संशय येताच त्याने कैदेतल्या मुलांकडून कबुली काढण्यासाठी त्यांचे अंगठे स्क्रूच्या चापात धरले. ही नोंद त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे. १७५४ मध्ये समुद्र सुटला तोही अचानक आलेल्या झटक्यामुळे. मनाच्या टोचणीमुळे नव्हे.

पुढे तो १७६४ मध्ये ओल्नी गावात पाळक झाला. तुम्ही म्हणता ते गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिलेले. तोवरही गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे काही लिहिले नव्हते. त्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका आली १७८८ मध्ये, धंदा सोडल्यावर ३४ वर्षांनी. त्यात त्याने स्वतःचा सहभाग कबूल केला, जहाजावरचे हाल तपशिलाने मांडले आणि पुढे संसदेच्या चौकशीत साक्षही दिली. ब्रिटनने १८०७ मध्ये हा व्यापार कायद्याने बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

आता धर्माचे. ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या शौलाला दिमिष्काच्या वाटेवर एका क्षणात प्रकाश दिसला, असे बायबल सांगते. त्यामुळे अचानक पालट होऊच शकत नाही, असे ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. पण चर्चचा रोजचा व्यवहार दीर्घ वाटचालीचाच आहे. कॅथलिक परंपरेत अंतःकरणापासून दुःख, धर्मगुरूपुढे कबुली, क्षमा आणि झालेल्या नुकसानीची भरपाई हे सारे येते, आणि तेही पुनःपुन्हा. मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधल्या ९५ प्रबंधांतला पहिलाच सांगतो की श्रद्धावंताचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे. या एका मुद्द्यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही पंथांत फारसे अंतर नाही.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : वळण क्षणात येऊ शकते, माणूस बदलायला वर्षे लागतात. मात्र ‘हळूहळू होईल’ ही सबब होता कामा नये. न्यूटनला उमगायला उशीर झाला. त्या उशिराची किंमत त्याने नव्हे, जहाजाच्या पोटातल्या माणसांनी मोजली. म्हणून कुणाचा पश्चात्ताप जोखायचा असेल, तर त्याचे अश्रू पाहू नका. ज्यांचे त्याने वाईट केले, त्यांच्यासाठी पुढे काय केले ते विचारा.