‘रिमूव्ह टू’ येते, वाक्य येत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आज ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत, त्यांच्यापैकी मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले. ‘आम्हाला इंग्रजी उशिरा मिळाले, म्हणून मागे राहिलो’ ही त्या पिढीची ठसठस. २००० सालच्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, पुढे सेमी इंग्रजीची लाट आली, गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. मराठी शाळेतल्या मुलाच्या वाट्याला इंग्रजीची चार वर्षे जास्त आली. तरी ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक काही उतरले नाहीत आणि पालकांचा घोरही संपला नाही. गुणपत्रिकेत इंग्रजीला पंच्याहत्तर गुण असलेल्या मुलाला रजेचा अर्ज स्वतःच्या शब्दांत का लिहिता येऊ नये, हे त्यांना कळत नाही. वर्षे वाढली, पण त्या वर्षांत मुलाने स्वतःची अशी किती वाक्ये रचली, हे कोणी मोजले नाही. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

शाळेतला व्याकरणाचा सराव बहुतांशी ओळखण्याचा आणि बदलण्याचा असतो. रिकाम्या जागा भरा, टेन्स ओळखा, व्हॉइस बदला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे लाडके ‘रिमूव्ह टू’. ‘ही इज टू वीक टू वॉक’ दिले की मुलगा क्षणात ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. त्याला साचा पाठ असतो. अर्थाकडे न पाहताही काम भागते. आता त्याच मुलाला सांगा, ‘आजी इतकी थकली की तिला जिना चढवेना’ हे इंग्रजीत लिही. साचा तोच आहे, पण तो वापरण्याची वेळ आली आहे हे आधी त्याला ओळखावे लागेल. शिवाय मराठीने ‘चढवेना’ या एका क्रियापदात भरलेली असमर्थता इंग्रजीत ‘कुड नॉट’ अशी बाहेर काढून मांडावी लागेल. इथे बरीच मुले अडखळतात. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात ‘लँग्वेज स्टडी’ला १० गुण आहेत. क्लासचा मोठा वेळ त्या दहांवर जातो, कारण ते गुण लवकर आणि खात्रीने हाती येतात. त्यात क्लासवाल्यांचा दोष म्हणावा तर पालकही घटक चाचणीचे गुण पाहूनच फी भरतात.

मुले इंग्रजीत चुकतात ती आळसाने नव्हे. बहुतेक चुकांना मराठीत सरळ कारण असते. आपले क्रियापद शेवटी येते, इंग्रजीचे कर्त्याला खेटून. आपले प्रत्यय नामाच्या मागे लागतात, इंग्रजीची शब्दयोगी अव्यये नामाच्या पुढे उभी राहतात. ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलाने आंबा खाल्ला’ असे आपले भूतकाळी क्रियापद कर्माकडे बघून बदलते; इंग्रजी कर्माची दखलही घेत नाही. आपल्याकडे ‘का’ जोडले की प्रश्न होतो, इंग्रजीत साहाय्यक क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी न्यावे लागते, म्हणून ‘व्हाय यू आर गोइंग’ ऐकू येते. आणि ‘आम्ही २०१५ पासून बदलापुरात राहतो’ या वाक्यात मराठी साध्या वर्तमानकाळावर भागवते, तिथे इंग्रजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ मागते. हे वाक्य किरकोळ वाटेल, पण मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर दुसरे-तिसरे वाक्य बहुधा हेच असते. उल्हासनगरच्या एका वर्गात सिंधी, मराठी, हिंदी अशा तीन घरांतली मुले शेजारी बसतात. शिक्षकाला ती अडचण वाटते. पण तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी आणि ‘मध्ये’, ‘वर’ यांसारखे शब्द नामानंतर येतात, तेव्हा पुष्कळ चुका सामाईक असतात आणि एकच सराव तिघांना लागू पडतो.

पुरावा काय, असे कोणी विचारील, विचारावेच. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकी संशोधकांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. सुटे व्याकरण शिकवण्याचा लेखनावर परिणाम उलटा दिसला: शून्य म्हणजे काहीच फरक नाही अशा मापावर उणे ०.३२. दोन-तीन छोटी वाक्ये जोडून एक मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा परिणाम मात्र अधिक ०.५० होता. यावर रास्त आक्षेप असा, की ती मुले इंग्रजी वातावरणातली. आपल्या मुलांच्या कानावर नियमाशिवाय इंग्रजी येणार कुठून? आक्षेप खरा आहे, आणि त्यालाही आधार आहे. परकी भाषा शिकवण्याच्या पद्धतींवरचे अभ्यास जॉन नॉरिस आणि लूर्देस ऑर्तेगा यांनी २००० साली असेच एकत्र पाहिले, तेव्हा नियम उघड समजावून देणे हे नुसते कानावर पडू देण्यापेक्षा सरस ठरले. म्हणून मी व्याकरण टाकून द्या असे म्हणणार नाही. नियम शिकवावा, पण त्याच दिवशी त्या नियमाची दहा वाक्ये मुलाने स्वतः रचावीत, नाहीतर तो वहीतच राहतो. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आले. त्या वाचणाऱ्यांपैकी साधारण पाऊण हिश्शालाच त्याचा अर्थ सांगता आला. आपली शहरे ग्रामीण नाहीत, पण वाचता येणे आणि समजणे यांतली ही फट शहरातही ओळखीची वाटेल.

जोडण्याचा सराव म्हणजे काय, ते अंबरनाथच्या मुलांसाठी घरचेच उदाहरण घेऊन सांगता येईल. देऊळ जुने आहे. त्यात १०६० सालचा शिलालेख आहे. ते शिलाहारांच्या काळातले आहे. ते वालधुनीच्या काठी आहे. ही चार वाक्ये आधी इंग्रजीत सुटी लिहायची, मग दोन करायची, मग एक. एक करताना ‘विच’ कुठे बसेल, ‘बिल्ट’ने सुरुवात करता येईल का, कुठली गोष्ट मुख्य वाक्यात ठेवायची आणि कुठली पोटात घालायची, हे मुलाला ठरवावे लागते. संमिश्र वाक्याची व्याख्या पाठ असणाऱ्यालाही हे पहिल्या फटक्यात जमत नाही. बरोबर उत्तर एकच नसते, म्हणून गाईडमधून उतरवता येत नाही. हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

वाक्ये रचण्याचा दुसरा सराव भाषांतराचा. पण त्याचे नाव काढले की नव्या पद्धतीने शिकलेले शिक्षक नाक मुरडतात: मूल मराठीतच विचार करत राहील, अशी भीती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी वाक्य बसवले. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, पायरीपायरीने. त्या पाठमालेतली वाक्ये आज शिळी वाटतात आणि बोलण्याचा सराव तिच्यात नाही, हे कबूल. पण तेरा वर्षांचे मूल मराठीत विचार करणारच, आणि दोन भाषांची वाक्ये शेजारी ठेवल्यावरच ‘पासून’ आणि ‘सिन्स’ यांच्यातला फरक त्याला दिसतो. दहावीच्या पेपरात भाषांतराला ५ गुण आहेत, पण तेही इंग्रजीतून आपल्या भाषेत. अवघड दिशा परीक्षा विचारतच नाही.

स्पर्धा परीक्षांचे काय? तिथे तर चूक शोधा आणि पर्याय निवडाच असते. खरे आहे: कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात आणि चुकीला अर्धा गुण कापला जातो. पण चूक शोधण्यासाठी बरोबर वाक्य कानात असावे लागते, आणि हजार वाक्ये रचलेल्याच्या कानात ते असते. शिवाय वर चढत जाल तसे पर्याय संपतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर लेखी आहे, त्यात किमान २५ टक्के मिळवले नाहीत तर बाकीचे पेपर तपासतही नाहीत. आणि अनिवार्य भारतीय भाषेच्या पेपरात भाषांतर दोन्ही दिशांनी येते. इंग्रजी माध्यमात घातले की प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी एकदा मुलाच्या वहीतल्या उत्तरांवर नजर टाकावी: किती वाक्ये फळ्यावरून उतरवलेली आणि किती त्याची स्वतःची. आधी बोलू द्या, व्याकरणाने जीभ अडखळते, हे चौथीपर्यंत मला पूर्ण मान्य. पुढे मात्र उलट होते. साचे हाताशी नसले की जीभ अडखळते. आणि मोबाइल भाषांतर करून देतो हे खरे, पण त्याने ‘अनलेस’ची गल्लत केली तर ती पकडणार कोण?

‘अनलेस’ मुद्दाम घेतला. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि अशा कामात सुरक्षेची पत्रके पुष्कळदा इंग्रजीत असतात. ‘डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह अनलेस द प्रेशर हॅज ड्रॉप्ड’ यातला नकार ‘अनलेस’च्या पोटात दडलेला आहे, मराठीत तो ‘दाब खाली आल्याशिवाय उघडू नका’ असा उघड होतो. आयटीआय करून तिथे लागणाऱ्या मुलाला शेक्सपिअर नको, पण हे वाक्य कोणत्याही बाजूने वळवता आले पाहिजे. उल्हासनगरात जीन्सच्या धंद्यात उतरणाऱ्या मुलीचेही तसेच. ‘माल मिळाल्यावर पैसे देऊ’ आणि ‘माल मिळाला तर पैसे देऊ’ यांतला फरक तिच्या ईमेलमध्ये चुकला तर भुर्दंड तिलाच.

राहता राहिला पालकांचा प्रश्न: आम्हालाच इंग्रजी येत नाही, तपासणार काय? बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. लोकलने रात्री घरी पोहोचलेल्या बापाकडून टेन्स शिकवण्याची अपेक्षा कोणी करू नये. पण दहा मिनिटे वही हातात घेऊन मुलाने लिहिलेल्या इंग्रजी वाक्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, ‘हे मराठीत काय म्हणतंय?’ मुलाने सांगितलेली मराठी विचित्र वाटली, तर बहुधा इंग्रजीतही काही बिघडले आहे. त्याखाली रेघ मारून उद्या शिक्षकांना विचारायला सांगायचे. क्लास निवडतानाही फलकावरची टक्केवारी बाजूला ठेवून तिथल्या एखाद्या जुन्या मुलाची वही मागून पाहावी. तिच्यात मुलाच्या स्वतःच्या वाक्यांवर लाल शाईच्या दुरुस्त्या आहेत का, आणि दुरुस्त केलेले वाक्य त्याने पुन्हा लिहिले आहे का? वहीत नुसत्या भरलेल्या रिकाम्या जागा आणि बरोबरच्या खुणा दिसल्या, तर फी भरण्याआधी थांबावे.