भिजवलेलं पोस्टकार्ड

फर्स्ट इयरला पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक जर्मन पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकाच देशाची दहाबारा रंगीत तिकिटं, बाजूला राजचिन्ह. तिकिटं बोटाला चक्क उंच लागत होती. चिकटवलेलीच असणार, म्हणून ती सोडवायला रात्री कार्ड मेसच्या ताटात भिजत घातलं. सकाळी कार्डाचे पापुद्रे सुटलेले, तिकीट एकही नाही! ती कार्डावरच छापून उठावदार केलेली होती. दोन महिन्यांचा पॉकेटमनी पाण्यात.

नंतर वाचलं. म्युनिकच्या ओटमार त्सीअर या प्रकाशकाने १९०० च्या आसपास अशी देशोदेशींच्या तिकिटांची कार्डं काढली. छपाई क्रोमोलिथोग्राफीची, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. जरा विचार करा, दहा तिकिटांचे रंग जुळवताना कारागिराचं काय होत असेल! आपली ड्रॉइंग शीट दोन पेन्सिलींत बिघडते.

आता मी आधी दहापट भिंग लावतो. रंगाचे कण वेडेवाकडे असतील तर दगडी छपाई. शिस्तीत रांगेने ठिपके दिसले, तर बहुधा हल्लीची नक्कल. मग कार्ड उलटायचं. जर्मनीत १९०५ पर्यंत मागे फक्त पत्ता चालायचा, मजकूर चित्राच्या बाजूला कोंबावा लागे. मागे मधोमध रेघ असेल तर कार्ड त्यानंतरचं. पोस्टाचा शिक्का मात्र कार्ड धाडल्याची तारीख सांगतो, छापल्याची नव्हे. इथे मी अजूनही फसतो.

सध्या माझ्याकडे अकरा कार्डं आहेत. बघायला रूमवर जरूर या, फक्त हात कोरडे करून.