नर्मदा परिक्रमा : पाठीवरील भार कसा कमी करावा

अमरकंटक येथे उगम पावणारी नर्मदा सुमारे १३१२ कि.मी. वाहत जाऊन भरूचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. नदी सदैव उजव्या हाती ठेवून, प्रवाह न ओलांडता दोन्ही तीरांनी चालणे हा परिक्रमेचा नियम होय. त्यामुळे पायी परिक्रमेचे अंतर अडीच हजार किलोमीटरहून अधिक भरते. महाराष्ट्रातील अनेक भाविक ओंकारेश्वर येथे संकल्प करून निघतात. उत्साहाच्या भरात घेतलेली प्रत्येक वस्तू पुढे कित्येक महिने वाहावी लागते. तिच्या भाराने टाचा व गुडघे दुखावतात आणि काहींचा संकल्प अर्ध्या वाटेवरच खंडित होतो.

प्रस्थानापूर्वी भरलेली पिशवी वजनकाट्यावर ठेवून पाहावी. पाण्यासह एकूण भार शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावा. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीने सुमारे ६ किलो. भार अधिक भरल्यास सर्व सामान मांडून त्याचे तीन भाग करावेत : नित्य लागणारे, क्वचित लागणारे आणि केवळ ‘असू द्यावे’ म्हणून घेतलेले. तिसरा भाग घरीच ठेवावा. दुसऱ्या भागातील जे वाटेतील गावांत मिळू शकते, तेही वगळावे.

वस्त्रांचा एक जोड अंगावर व एक पिशवीत पुरेसा होतो. जाड सुती कापड भिजल्यावर जड होते व लवकर वाळत नाही; म्हणून पातळ वस्त्रे आणि टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. मोठ्या पोथीऐवजी नित्यपाठाची लहान पुस्तिका ठेवावी. आश्रमांत व गावांत परिक्रमावासीयांस भोजन वा शिधा मिळत असल्याने एका दिवसापुरताच कोरडा खाऊ जवळ असावा.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. वस्तीच्या भागात एक बाटली पुरते. शूलपाणीच्या झाडीत मात्र काठची जुनी वाट सरदार सरोवराच्या जलाशयाखाली गेल्याने मार्ग डोंगरांतून जातो. तेथे पुढील पाण्याचे ठिकाण विचारून त्या मानाने पाणी भरावे.

भार कमी करताना नियमित औषधे, वैद्यांची चिठ्ठी, ओळखपत्र, विजेरी व ऊबदार वस्त्र कदापि वगळू नये. अमरकंटक समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर असून तेथील हिवाळी रात्री अतिशय थंड असतात. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात व पिशवीचे दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावेत.

दात्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाटेत श्रद्धेने दिलेले घोंगडे, भांडे वा फळांची टोपली परिक्रमावासीयाच्या पाठीवरच जाते. तेच द्रव्य तीरावरील अन्नक्षेत्रास धान्यरूपाने अर्पण केल्यास शेकडो पदयात्रींची क्षुधा शांत होते आणि कोणाच्याही खांद्यावर भार पडत नाही. परिक्रमावासीयानेही अधिकची वस्तू नम्रतेने नाकारावी, किंवा स्वीकारून पुढील आश्रमात गरजूस द्यावी. परिक्रमेत अपरिग्रहास मोठे स्थान आहे, आणि त्याचे पालन पिशवी भरतानाच सुरू होते.