दुसऱ्यांदा मांडलेला पट

आजचं वाचन: महाभारत, सभापर्व, अनुद्यूत.

द्यूत म्हटलं की आपल्याला पहिलाच डाव आठवतो. राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. पण पुढे काय झालं? धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले, पांडव सुटले, हरलेलं सगळं परत मिळालं. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही होते. तेवढ्यात पुन्हा बोलावणं आलं आणि धर्मराज मागे फिरला. यात नाश आहे हे कळत होतं, तसं तो म्हणतोही. पण वडीलधाऱ्यांची आज्ञा कशी मोडू? एकच डाव. १२ वर्षं वनवास, १ वर्ष अज्ञातवास.

खरं सांगू, मला पहिल्यापेक्षा या डावाची जास्त भीती वाटते.

इथे रत्नागिरीत ओळखीतला एक मुलगा आहे. सेकंड इयरला असताना, आयपीएलच्या दिवसांत मोबाइलवर टीम लावायला लागला. आधी ४९ रुपये, मग रमी, मग मित्रांकडून उसने, मग लोन ॲप. घरी कळलं तेव्हा बाबांनी हापूसचे आलेले पैसे त्यात घातले आणि सगळं फेडलं. कुणी ओरडलं नाही. आई एवढंच म्हणाली, "झालं ते झालं, आता नको रे बाळा."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा बसला. का? "बाबांचे पैसे परत करायचे होते."

बघा, कारण चांगलंच होतं! धर्मराजाचंही चांगलंच होतं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ३४व्या सूक्तात एक जुगारी बोलतो. आता जायचं नाही असं ठरवतो, तेवढ्यात फाशांचा आवाज कानावर येतो आणि पाय तिकडेच वळतात. आपल्याकडे नोटिफिकेशन वाजतं, इतकाच फरक.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. चोरून चालणाऱ्या साइट्सच्या लिंक तरी येतातच. पण त्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणजे अडकला असाल तर निदान त्या भीतीने लपून राहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तो मुलगा दुसऱ्या वेळी स्वतःच बाबांकडे गेला. पैसे नव्हते मागायचे. फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा तुमच्याकडे ठेवा, मला जमत नाहीये."

उद्या वनपर्व. बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. तोही फाशांवर हरलेलाच.