कडेचा रंग

बाळा, परवा रिंग रोडवरच्या दुकानात तू पॉलिशचं नवं रोटरी मशीन दाखवलंस, तेव्हा मी काही बोललो नाही. मशीनला हळद-कुंकू लागलेलं होतं, तुझी आई शेजारी उभी होती. आता सांगतो. मशीन चालवायला दोन दिवसांत येतं. ते कुठे चालवायचं नाही हे कळेपर्यंत माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं बॉनेट गेलं होतं.

मी या कामात आलो तेव्हा रायपुरात ॲम्बेसिडर आणि फियाट फिरायच्या. त्यांचा रंग एकथरी; चमक रंगातच, वर वेगळं क्लिअर नाही. फडक्याला रबिंग कंपाउंड लावून हातानं घासायचो आणि फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. फडक्याला रंग लागला म्हणजे काम होतंय, असं उस्ताद सांगायचे. त्या गाड्यांपुरतं ते खरंही होतं. मग मेटॅलिक गाड्या आल्या. खाली रंगाचा पातळ बेस, त्यावर पारदर्शक क्लिअर. अशाच एका काळ्या गाडीच्या बॉनेटची पुढची कड मी मशीननं घासत होतो. पॅडवर काळं आलं. डोळ्याला जुनी सवय, मी थांबलो नाही. मशीन उचललं तर कडेवर आगकाडीएवढी लांब, दोऱ्याएवढी बारीक करडी रेघ. प्रायमर उघडा पडला होता. आधी क्लिअर गेलं, मग बेस गेला, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत. बॉनेट नव्यानं रंगवावं लागलं, पैसे माझ्या पगारातून कापले, आणि ते योग्यच झालं. पण कंपनीच्या भट्टीत पक्का झालेला रंग आम्ही त्याला परत देऊ शकलो नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही. क्लिअरच्या गाडीत पॅडवर पांढुरकं कंपाउंड दिसलं पाहिजे. गाडीचा रंग दिसला की त्याच क्षणी बटण बंद कर. आणि गाडी एकथरी आहे की क्लिअरची, याचा अंदाज बांधत बसू नकोस. दार उघडून आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यानं थोडं कंपाउंड घासून पाहा. रंग उतरला तर एकथरी.

झेरॉक्सचा एक कागद चिमटीत धरून बघ. कंपनीतून येणाऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून जेमतेम तेवढाच जाड असतो, साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातलं क्लिअर ३५ ते ५०, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. जोरात कटिंग केलं की त्यातले एक-दोन मायक्रॉन गेलेच म्हणून समज. गाडी पाच-सात वर्षांची असेल तर तुझ्याआधी कोणी किती खाल्लं हे तुला ठाऊक नसतं.

कडेला हा हिशेब आणखी बिघडतो. ओला रंग धारेवर टिकत नाही. पृष्ठताणामुळे तो धारेवरून मागे सरकतो आणि आतल्या अंगाला जमतो, म्हणून वाळल्यावर धारेवरचा थर पातळच राहतो. तात्यापाऱ्यातल्या आपल्या जुन्या घराचा ओटा आठव. आजी शेणानं सारवायची, आणि पोपडा पहिल्यांदा कडेचाच निघायचा. तिथे सारवण कमी आणि पायांची ये-जा जास्त. गाडीचंही तेच. सपाट पत्र्यावर मशीनचं वजन सहा इंचांच्या अख्ख्या पॅडवर वाटलं जातं, धारेवर तेच वजन नखाएवढ्या जागेवर येतं. उष्णताही तिथेच साठते. बंपर आणि आरशाचं कव्हर प्लास्टिकचं असतं, त्याला ही उष्णता पत्र्यासारखी पसरवता येत नाही, तिथे दुप्पट जप.

तू जाडी मोजायचं मीटर घेतलंस, चांगलं केलंस. पण ते सपाट जागेवर नीट टेकलं तरच खरं बोलतं. बॉडी लाइनच्या उंचवट्यावर ते डुगडुगतं आणि भलताच आकडा दाखवतं. म्हणून दाराच्या मध्ये १२० आले तर कडेला १२० आहेत असं धरू नकोस. आणखी एक. ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर किती उरलंय ते सांगत नाही. ३०० आले म्हणून खुश होऊ नकोस. तिथे खाली पुट्टी आणि गल्लीतला दुसरा रंग असतो, त्यावर क्लिअर किती मारलं ते मारणाऱ्यालाच माहीत.

आता आपल्या रायपूरचं. उरला आणि सिलतरा बाजूच्या गाड्या तुझ्याकडे येणारच. तिकडे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, लोखंडाची काळी धूळ गाडीवर बसते आणि पांढऱ्या रंगात तिचे नारिंगी ठिपके उमटतात. नुसत्या शाम्पूनं ते जात नाहीत. बोटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून धुतलेल्या बॉनेटवरून फिरव, वाळूसारखं खरखरीत लागेल. ते कण राहू देऊन मशीन लावलंस तर पॅड सँडपेपर होतो, आणि पहिली ओरखडते ती कडच. आधी आयर्न रिमूव्हर मार, जांभळं होऊन ओघळलं की धू, मग कण उचलणारी क्ले फिरव. क्ले जमिनीवर पडली तर फेकून दे, कितीही नवी असली तरी. भर उन्हाळ्यातल्या नवतप्यात तर दुपारी मशीनला हातच लावू नकोस. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड फिरायच्या आत वाळतं. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेव. सुखानं ठेवता आली तरच काम सुरू कर.

टेप लावायला वीस मिनिटं जातात, आणि ती वाया जातात असं वाटून पोरं टाळतात. मी नाही टाळत. हार्डवेअरच्या दुकानातली पॅकिंगची तपकिरी टेप नको, गाडीच्या रंगकामाची कमी चिकट मास्किंग टेप आण. दाराची लाइन असेल तर टेपचा मध्य बरोबर उंचवट्यावर येऊ दे. टेपच्या दोन्ही काठांवरून नख फिरव, नाहीतर पॅड काठ पकडून ओढतो. ज्या पॅनेलला पुन्हा रंग मारलाय असं मीटर सांगतंय, तिथे आधी लपलेल्या जागी छोटा तुकडा लावून काढून बघ. कच्चा रंग टेपबरोबर येतो. काढताना टेप स्वतःवर दुमडून, हळू, तिरकी ओढ. रात्रभर लावून ठेवू नकोस, उन्हात तर मुळीच नाही.

मशीन कडेजवळ न्यावंच लागलं तर छोटा, तीन इंची पॅड लाव आणि वेग सगळ्यात खाली आण. रोटरीचा पॅड एकाच दिशेनं फिरतो. पत्र्याला टेकलेली त्याची बाजू आतून कडेच्या बाहेर जाईल असं मशीन धर. उलटं धरलंस, बाहेरून कडेवर चढवलंस, तर धार पॅडला सरळ आडवी येते आणि तिथेच रंग उडतो. माझ्या हातून ते बॉनेट असंच गेलं होतं. ड्युअल ॲक्शन मशीनचा पॅड फिरतो आणि हलतोही, म्हणून ते जास्त सोसतं, पण त्याच्या प्लेटवर मार्करनं एक काळी रेघ ओढून ठेव. रेघ फिरताना दिसली तर ठीक. उंचवट्यावर ती एका जागी थरथरायला लागली, तर पॅड फिरायचा थांबलाय, तू दाबतोयस किंवा मशीन कललंय.

सगळं झाल्यावर टेप काढ. तिच्याखाली चमकदार आणि निस्तेज यांच्यामध्ये एक रेघ दिसेल. ती घालवायला पुन्हा मशीन उचलू नकोस. बोटाला मायक्रोफायबर गुंडाळ, मटकीएवढं फिनिशिंग पॉलिश घे आणि कडेला समांतर चालव, कडेवरून आडवं नाही. चार-पाच वेळा. डोळे मिटलेस तरी बोटाला खालची धार कळेल, आणि ती कळते म्हणूनच हात तिथे थांबतो. मशीनला हे कळत नाही. एखादा ओरखडा उरलाच तर राहू दे. गिऱ्हाइकाला गाडी घेतानाच सांग की कडेचे खोल ओरखडे मी काढणार नाही, आणि गाडीच्या जॉब कार्डावर लिहून त्याची सही घे. खरं सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

बॉनेटची पुढची कड, दारांच्या कडा, चाकावरची कमान, डिकीचा काठ यांना टेप लावायची आठवण सगळ्यांनाच राहते. पेट्रोलच्या झाकणाची मात्र राहून जाते. सोमवारी पहिली गाडी येईल, तेव्हा तिथून सुरुवात कर.