दालेत, दाल आणि दंडावरचा त्रिकोण

कुवेतमध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला होते. तिथले अरबी सहकारी खांद्यावरच्या जाड स्नायूला 'अदला दालिया' म्हणत, म्हणजे 'दाल' अक्षराचा स्नायू. इंग्रजीत तो डेल्टॉइड, म्हणजे ग्रीक 'डेल्टा' अक्षरासारखा. दाल आणि डेल्टा ही दोन्ही आपल्या सिद्दूरमधल्या 'दालेत'ची भावंडे. हिब्रूत 'देलेत' म्हणजे दार. आज आपण दालेत काटकोनासारखे लिहितो, पण जुन्या हिब्रू आणि फिनिशियन लिपीत ते त्रिकोणी होते. ग्रीकांनी फिनिशियनांकडून अक्षरे घेतली आणि डेल्टाचा त्रिकोण तसाच ठेवला. कुवेतच्या फैलाका बेटावर ग्रीकांची वस्ती होती. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा त्यांचा शिलालेख तिथे सापडला आहे.

आता आपला खांदा चाचपून पाहा. या त्रिकोणाची रुंद बाजू वर, गळपट्टीच्या हाडापासून पाठीमागच्या फऱ्यापर्यंत असते. टोक खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर येते. म्हणजे डेल्टा उलटा!

फ्लूची लस याच स्नायूत देतात. सुई खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून, जाड भागात हवी. फार वर टोचली तर सांध्याला इजा होऊन खांदा महिनोन् महिने दुखू शकतो. म्हणून घट्ट बाही नुसती वर सरकवू नका. खांदा पूर्ण उघडा करा आणि हात सैल सोडा. नर्सबाईंना जागा दाखवायला संकोच कसला?

मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते. हात बाजूने वर जाईना, केस विंचरताना कळ येऊ लागली, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. मात्र हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तडक इस्पितळ गाठा.

दुसरा त्रिकोण माकडहाडाच्या वर आहे. पाच मणके जुळून झालेले हे त्रिकास्थी. याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'पवित्र हाड'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इथेच लवकर जखम होते. घरात असे कोणी असेल, तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला आणि तिथली कातडी रोज पाहा. लाली दाबूनही जात नसेल, तर तिथे चोळू नका, डॉक्टरांना कळवा.