चेष्टा, स्क्रीनशॉट आणि तक्रार

छात्रांनो, सुट्टीला घरी पोचलात की मोबाइल हाती येतो आणि हाउसचा ग्रुप पुन्हा जागा होतो. सत्रात डॉर्मिटरीपुरती राहिलेली चेष्टा तिथे फोटोसकट फिरते, आणि तिथे हाउसमास्टरांची फेरी नसते. म्हणून या अंकात आपल्याच परिसरात, दिल्लीत आणि आसपास घडलेल्या दोन प्रकरणांचा अभ्यास करू.

पहिले 2001 सालचे. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झाला, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. दिल्लीतील एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलाला चेहऱ्यावरच्या व्रणांवरून चिडवले जाई. त्याने फुकट मिळणाऱ्या जागेवर एक संकेतस्थळ उघडले आणि वर्गातील मुली व शिक्षिकांविषयी त्यावर अश्लील मजकूर टाकला. एका मुलीच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार केली. मुलाला कलम 67 खाली पकडले, तो काही दिवस बालगृहात राहिला आणि मग जामिनावर सुटला. (शाळेचे नाव मुद्दामच दिलेले नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता किंवा शाळा छापता येत नाही. हा नियम फक्त वर्तमानपत्रांना आहे असे समजून ग्रुपवर नावे टाकणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.)

चिडवल्याचा राग खरा होता. पण तो निघाला कोणावर, तर ज्यांची नावे लिहिणे सोपे होते त्यांच्यावर. एखाद्या ज्युनिअरला रंगावरून, उंचीवरून किंवा बोलण्याच्या लकबीवरून टोपणनाव चिकटवताना आपण इथे 'परंपरा' म्हणून हसतो. ते नाव त्याला स्वतःला आवडते का, हे किती सिनिअरांनी विचारले आहे?

दुसरे प्रकरण मे 2020 मधले, टाळेबंदीच्या दिवसांतले. 'बॉईज लॉकर रूम' या इन्स्टाग्राम ग्रुपवर दिल्लीतील शाळकरी मुले मुलींचे फोटो त्यांना न विचारता टाकत आणि त्यावर घाणेरडे शेरे मारत. स्क्रीनशॉट बाहेर आले, दिल्ली महिला आयोगाने पोलिसांना व इन्स्टाग्रामला नोटीस दिली, सायबर शाखेने गुन्हा नोंदवला. एका अल्पवयीन मुलाला ताब्यात घेतले आणि ग्रुप चालवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला अटक झाली. असे प्रकरण निघाले की 'मी काही लिहिले नव्हते, फक्त ग्रुपमध्ये होतो' हा बचाव ऐकू येतोच. पहाऱ्यावरचा जवान 'मी फक्त बघत होतो' असे सांगू शकत नाही, एवढे तुम्हाला वेगळे शिकवायला नको.

पण या प्रकरणाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या गोंधळात अत्याचाराचा बेत आखणारा एक संवादही फिरत होता आणि तो याच ग्रुपमधला आहे असे सगळे धरून चालले. तपासात पोलिसांना आढळले की तो स्नॅपचॅटवरचा होता आणि त्या ग्रुपशी त्याचा संबंधच नव्हता. एका मुलीने 'सिद्धार्थ' या खोट्या नावाने, समोरच्या मुलाची परीक्षा पाहण्यासाठी तो रचला होता. त्या मुलाने बेताला साफ नकार दिला आणि स्क्रीनशॉट मित्रांना दाखवला. म्हणजे ज्याने बरोबर वागावे तसे वागले, त्याचाच संवाद पुढे गुन्ह्याचा पुरावा म्हणून फिरला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या: ग्रुपमधला प्रकार घडला होता, आणि सर्वांत जास्त खळबळ माजवणारा स्क्रीनशॉट त्यातला नव्हता.

त्याच आठवड्यात गुरुग्राममधील सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यावर इन्स्टाग्रामवर आरोप झाला. त्यानंतर शिव्या आणि धमक्यांचा मारा झाला, आणि चौकशी होण्याआधीच तो मुलगा गेला. अशा मृत्यूचे कारण एकच असते असे कोणी म्हणू नये. आरोप करणाऱ्या मुलीचे ऐकून घेतले पाहिजे होते, आणि त्या मुलाचेही. ते काम ग्रुपवरच्या अनोळखी शेकडो लोकांचे नव्हते.

आता तुमच्यावर वेळ आली तर काय कराल? चिडून उत्तर देऊ नका आणि घाबरून संदेश पुसूही नका. खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा आणि मोठ्या माणसाला दाखवा. मात्र कोणाचा उघडा फोटो आला असेल तर 'पुरावा' म्हणूनही तो कोणाला पाठवू नका. अल्पवयीन व्यक्तीचा असा फोटो पुढे पाठवणे हाच कलम 67ब खाली गुन्हा आहे. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. सायबर मदत क्रमांक 1930, मुलांसाठी 1098.

स्वतःचाच फोटो कोणी पसरवण्याची धमकी देत असेल तर पैसे देऊ नका, आणखी फोटो तर नकोच. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या अशा फोटोंसाठीच आहे. फोटो तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याची फक्त आकड्यांतली खूण, जणू बोटाचा ठसा, तयार होते आणि त्या खुणेवरून इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या कंपन्या तो ओळखून काढू शकतात. व्हॉट्सॲपच्या कुलूपबंद संवादांत मात्र ती चालत नाही.

हाउसमास्टरांना सांगणे म्हणजे चुगली, अशी एक समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मला ती कधीच पटली नाही. पलटणीत साथीदार जखमी असल्याचे कळवणाऱ्याला कोणी चुगलखोर म्हणत नाही.

पालकहो, मुलाने असे काही सांगितले की पहिला राग मोबाइलवर निघतो आणि तो काढून घेतला जातो. तसे केले तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आधी पूर्ण ऐका, मग पोर्टल उघडून त्याच्या शेजारी बसा. तो जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो घरातल्या कोणीही लावावा.